पत्रांतून माया पेरणारे साने गुरुजी

कोकणच्या किनाऱ्यावर एके काळी आगबोट ही केवळ प्रवासाची सोय नव्हती. ती घराघरांतील माणसांना जोडणारी दोरी होती. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत विजयदुर्ग, देवगड, मालवण आणि वेंगुर्ल्याकडे येई. तिच्यातून माणसे उतरत, माल उतरे आणि टपालाच्या थैल्याही उतरत. त्या थैल्यांत चाकरमान्याची मनीऑर्डर असे, लेकीच्या सासरची खुशाली असे, व्यापाऱ्याचा भाव-मालाचा मजकूर असे आणि क्वचित काळजाचा ठोका चुकविणारी वार्ताही असे. १ जुलै १८७९ रोजी हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झाले, तेव्हा त्याची किंमत अवघी पाव आणा होती. त्या पाव आण्यात गरिबाच्या घरची माया शेकडो मैलांचा प्रवास करू लागली.

या किनाऱ्याच्या उत्तर भागातील पालगड या लहानशा गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी या नावाने ओळखतो. पालगड दापोली तालुक्यात आहे. गुरुजींच्या हयातीत दापोली, देवगड, मालवण आणि वेंगुर्ला हे सारे तालुके एकाच रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्यामुळे मालवणच्या माणसाला गुरुजी परके नाहीत. तोच लाल मातीचा रस्ता, तोच पावसाळा, तीच कौलारू घरे आणि तेच कर्जात बुडालेले पण अब्रूला जपणारे संसार त्यांच्या लेखनात भेटतात.

गुरुजी कादंबरीकार म्हणून घरोघरी पोहोचले. 'श्यामची आई', 'धडपडणारी मुले', 'आस्तिक', 'क्रांती' ही त्यांची पुस्तके तीन-तीन पिढ्यांनी वाचली. परंतु त्यांच्या पत्रलेखनाकडे तितकेसे लक्ष दिले जात नाही. वस्तुतः गुरुजींचा मूळ पिंड पत्रलेखकाचा होता. समोर एक माणूस आहे, ते आपले आहे, त्याच्याशी मनातले बोलावयाचे आहे, अशा भावनेनेच त्यांची लेखणी चाले. त्यांचे जीवन पत्रांच्या धाग्याने पाहू गेल्यास त्यांचे मोठेपण तर दिसतेच, पण त्यांच्या अंतःकरणातील दुःखाचाही ठाव लागतो.

न आलेले पत्र

सान्यांचे घराणे खोताचे. एके काळी घरात सुबत्ता होती. परंतु गुरुजींच्या बालपणीच ती ओसरली, कर्ज वाढत गेले आणि जप्तीपर्यंत पाळी आली. वडील सदाशिवराव स्वाभिमानी होते. आई यशोदाबाई मनाने अतिशय कोमल, पण संस्कारांच्या बाबतीत कणखर होत्या. गरिबीतही कोणापुढे हात न पसरणे, झाडाच्या पानालाही उगाच न दुखावणे, घासातील घास दुसऱ्याला देणे या गोष्टी त्यांनी मुलाला उपदेश करून शिकविल्या नाहीत. त्या त्यांच्या रोजच्या वागण्यातूनच मुलाने उचलल्या.

शिक्षणासाठी लहानग्या पांडुरंगास लवकरच घर सोडावे लागले. पालगडनंतर दापोली, दापोलीनंतर औंध आणि औंधनंतर पुणे असा त्याचा प्रवास झाला. परक्या गावी हाताने स्वयंपाक करावा, कधी अर्धपोटी राहावे आणि तरीही शाळा चुकवू नये, असे ते दिवस होते. अशा मुलाला घरचे पत्र म्हणजे काय वाटत असेल, हे घर सोडून शिकलेल्या वा नोकरीधंद्यासाठी बाहेर राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पत्रातील अक्षर ओळखीचे असले, की दोन ओळींतही घरचा वास येतो.

१९१७ साली गुरुजी पुण्यास नूतन मराठी विद्यालयात शिकत होते. त्याच सुमारास पालगडला आई अंथरुणाला खिळली. मुलाच्या अभ्यासात व्यत्यय येऊ नये, दूरच्या प्रवासाचा खर्च त्याच्यावर पडू नये, अशा विचाराने तिच्या आजाराचे खरे स्वरूप त्याला कळविण्यात आले नाही. आईच्या ओढीने अस्वस्थ होऊन तो अखेर पुण्याहून निघाला, बोटीने कोकणात उतरला आणि घरी पोहोचला, तेव्हा आई या जगात राहिली नव्हती. 'श्यामची आई'च्या अखेरच्या भागात हा प्रसंग आला आहे, आणि तो वाचताना डोळे पाणावले नाहीत असे मराठी घर विरळाच.

ज्या मायेने आईने मुलाला दुःखापासून दूर ठेवले, त्याच मायेने त्याचे अंतिम दर्शन हुकले. यात दोष कोणाचाच नव्हता. आपल्या कितीतरी घरांत आजही असेच घडते; दूर असलेल्या मुलाला काळजी नको म्हणून वडीलधारी माणसे दुखणे लपवितात. परंतु योग्य वेळी न आलेले एक पत्र माणसाच्या आयुष्यात केवढी पोकळी ठेवून जाते, हे गुरुजींनी ऐन अठराव्या वर्षी अनुभविले. पुढील तेहतीस वर्षे हा माणूस ज्याला त्याला लिहीत राहिला, कोणालाही आपण एकटे आहोत असे वाटू नये म्हणून धडपडत राहिला. त्याचे मूळ या पोकळीत असावे, असे त्यांचे चरित्र वाचताना वाटल्यावाचून राहत नाही.

छात्रालयातील हस्तलिखित दैनिक

पुण्यात सर परशुरामभाऊ महाविद्यालयात शिकून गुरुजींनी पदवी घेतली. पुढे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते खानदेशातील अमळनेर येथील तत्त्वज्ञान मंदिरात गेले आणि एम. ए. झाले. १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक झाले. पुढे शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि तेथेच पांडुरंग साने यांचे साने गुरुजी झाले.

छात्रालयात खेड्यापाड्यांतून आलेली, आईबापांपासून प्रथमच दूर राहिलेली मुले होती. गुरुजींना त्यांत आपलेच बालपण दिसत असले पाहिजे. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडीत, विस्कटलेली अंथरुणे नीट करीत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवीत, मळलेले कपडे धुऊन टाकीत. शिस्तीसाठी छडी उगारण्याची गरज त्यांना पडली नाही. आपले काम गुरुजींनी केलेले पाहून मुले ओशाळत आणि दुसऱ्या दिवसापासून आपण होऊन करू लागत.

याच काळात त्यांनी मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' सुरू केले. हे दैनिक छापखान्यात तयार होत नसे. गुरुजी रात्री जागून ते आपल्या हाताने लिहून काढीत आणि सकाळी ते मुलांना वाचावयास मिळे. त्यात देशातील घडामोडी असत, थोरांची चरित्रे असत, कविता असत, छात्रालयातील लहानसहान प्रसंग असत. कोणाचे वागणे चुकले असेल, तर त्याचे नाव न घेता, त्याला खाली पाहावयास न लावता, समजुतीचे चार शब्दही असत. नावाला ते दैनिक होते. वास्तविक ते एका पालकाने आपल्या अनेक मुलांना रोज लिहिलेले पत्रच होते.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. दिवसभर शिकवून, मुलांची उठबस करून थकलेला माणूस रात्री दिव्याशी बसून पाने भरीत असे. त्याचा त्याला मोबदला नव्हता आणि त्यातून कोणती कीर्तीही मिळणार नव्हती. वाचणारी होती ती छात्रालयातील थोडी मुले. व्यवहाराच्या हिशेबाने पाहिले तर हा निव्वळ तोट्याचा उद्योग. परंतु माणसाला आपला वेळ देणे हीच सर्वांत मोठी देणगी, हे गुरुजींनी जाणले होते. पुढे १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही काढले, आणि त्यांचा आवाज छात्रालयाच्या भिंतींबाहेर जाऊ लागला.

तुरुंगाच्या भिंतीआडून

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. सिंधुदुर्गातील शिरोड्याच्या मिठागरांवरही त्या वर्षी सत्याग्रहींनी लाठ्या झेलल्या, हे येथील वाचकांना सांगावयास नको. गुरुजींनी शाळेची नोकरी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. त्यांना शिक्षा झाली. प्रथम धुळे आणि नंतर दूर दक्षिणेतील त्रिचनापल्ली येथील तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले.

त्रिचनापल्लीच्या तुरुंगात निरनिराळ्या प्रांतांतील, निरनिराळ्या भाषा बोलणारे राजबंदी होते. एकमेकांच्या शेजारी राहूनही एकमेकांची भाषा येत नाही, याचे गुरुजींना वाईट वाटले. त्यांनी तमिळशी परिचय करून घेतला आणि तिरुवल्लुवरांच्या 'कुरल' या थोर ग्रंथाचा मराठी अनुवाद केला. अहिंसा, सत्य, दान आणि संयम यांचा महिमा सांगणाऱ्या या ग्रंथाचे कर्ते जैन होते, असे मानणारी एक विद्वत्परंपरा आहे. त्यामुळे जैन वाचकांना गुरुजींच्या या कार्याबद्दल विशेष आपुलकी वाटावी. सर्व प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, या त्यांच्या 'आंतरभारती'च्या स्वप्नाचे बीजही या तुरुंगातच रुजले. पुढे १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ही कल्पना सर्वांपुढे मांडली.

१९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे विनोबाजी भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, दर रविवारी एक याप्रमाणे, गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. गुरुजींनी ती जलद हाताने लिहून घेतली नसती, तर 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज हाती नसता. दुसऱ्याचे शब्द जपून ठेवणे आणि ते इतरांपर्यंत पोहोचविणे हीदेखील एक प्रकारची टपालसेवाच म्हणावी लागेल.

तुरुंगात पत्रांना मर्यादा असते. किती पत्रे लिहावयाची, कोणाला लिहावयाची, हे अधिकारी ठरवितात. लिहिलेले पत्र तपासले जाते. मनात दाटलेले सारे बोलण्यास वाव नसतो. अशा काळात, नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी गुरुजींनी लेखन हाती घेतले आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे ते संपविले. अवघ्या पाच दिवसांत सिद्ध झालेले हे पुस्तक म्हणजे 'श्यामची आई'. ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची रचना आहे. परंतु त्या ओळींमागील ओलावा पाहिला, तर ज्या आईला शेवटचे भेटता आले नाही, जिला दोन शब्द लिहिताही आले नाहीत, तिला मुलाने सोळा वर्षांनी पाठविलेले ते दीर्घ पत्रच वाटते. ते पत्र तिच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हते; म्हणून ते महाराष्ट्रातील साऱ्या मातांच्या घरी पोहोचले. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला आणि १९५४ साली त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

तरुण मित्राशी हितगुज

सुटकेनंतर गुरुजींनी खानदेशातील शेतकरी आणि कामगार यांच्यासाठी वाहून घेतले. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. ते यशस्वी करण्यासाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली. १९३८ मध्ये अमळनेरहून त्यांनी 'काँग्रेस' हे साप्ताहिक चालविले.

स्वातंत्र्यापूर्वीच्या त्या धामधुमीच्या वर्षांत तरुणांच्या मनात मोठी खळबळ होती. कोणता मार्ग धरावा, कोणत्या संघटनेत जावे, धर्म आणि राष्ट्र यांचे नाते काय, हिंदू-मुसलमानांनी एकत्र कसे नांदावे, जातिभेद कसा जावा, समाजवाद म्हणजे काय, असे अनेक प्रश्न त्यांना सतावीत होते. या प्रश्नांना गुरुजींनी व्याख्यानपीठावरून उत्तरे दिलीच. पण त्यांना अधिक जवळचा मार्ग सापडला तो पत्रांचा. वसंत नावाच्या तरुणाला उद्देशून श्यामने लिहिलेली पत्रे 'श्यामची पत्रे' या नावाने प्रसिद्ध झाली.

या पत्रांतील सर्व मते सर्वांना पटतील असे नाही आणि पटलीच पाहिजेत असा गुरुजींचाही आग्रह नसे. महत्त्वाची आहे ती त्यांची रीत. वयाने व अनुभवाने मोठा असलेला माणूस तरुणाशी बरोबरीच्या नात्याने बोलतो, त्याची शंका हसण्यावारी नेत नाही आणि त्याला मूर्ख ठरवीत नाही. स्वतःची बाजू कळकळीने मांडतो आणि निर्णय त्याच्यावर सोपवितो. मतभेद असतानाही माया आटू न देणे, हे या पत्रांचे मर्म होय. ज्या घरात वडील आणि मुलगा एका दुकानात बसतात पण चार शब्द मोकळेपणाने बोलू शकत नाहीत, त्या घराला या पत्रांपासून आजही पुष्कळ शिकता येईल.

महात्माजींची तार

पत्रव्यवहाराच्या या कहाणीत एका तारेचाही प्रसंग येतो. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात हरिजनांना प्रवेश नव्हता. ज्या विठोबाला संतांनी माउली म्हटले, त्याच्या दारातून काही लेकरांना परत फिरावे लागते, ही गोष्ट गुरुजींच्या जिव्हारी लागली. त्यांनी अनेक महिने महाराष्ट्रभर फिरून जनमत जागे केले आणि १ मे १९४७ पासून पंढरपूर येथे उपोषण आरंभिले.

उपोषण चालू असता महात्मा गांधींनी तार करून ते सोडण्यास सुचविले. गुरुजींच्या दृष्टीने गांधीजी म्हणजे दैवत. त्यांच्या एका शब्दाखातर गुरुजींनी नोकरी सोडली होती, तुरुंग पत्करला होता. परंतु पंढरपूरची खरी परिस्थिती बापूंपर्यंत नीट पोहोचलेली नाही, असे त्यांना वाटले. त्यांनी गांधीजींबद्दलचा आदर तसूभरही कमी होऊ न देता आपले उपोषण चालू ठेवले. अखेर दहाव्या दिवशी, १० मे रोजी, मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सुटले.

कोमल हृदयाचा माणूस दुबळा असतो, अशी एक समजूत आहे. हा प्रसंग ती खोटी ठरवितो. आईच्या आठवणीने रडणारा हा माणूस सत्याचा प्रश्न आला तेव्हा आपल्या सर्वांत प्रिय व्यक्तीलाही नम्रपणे नकार देऊ शकला. लहानपणी मुलाच्या मनात रुजलेल्या ममतेचेच पुढे असे निर्धारात रूपांतर झाले.

सुधाला लिहिलेली सुंदर पत्रे

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. गुरुजी मुळापासून हादरले. समाजाच्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी त्यांनी 'साधना' हे साप्ताहिक सुरू केले. ते आजही पुण्याहून प्रसिद्ध होत आहे.

गुरुजी अविवाहित होते. स्वतःचा संसार नव्हता, घरदार नव्हते. पण भावाच्या घरी त्यांचा जीव गुंतलेला असे. पुतणी सुधा ही त्यांची विशेष लाडकी. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी तिला जी पत्रे लिहिली, ती 'साधना'मधून वाचकांसमोर आली आणि पुढे 'सुंदर पत्रे' या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

या पत्रांत राजकारणाचा गलबला मागे पडतो. त्यांत पावसाळी ढग आहेत, फुले आहेत, समुद्र आहे, पाखरे आहेत. प्रवासात दिसलेली गावे आणि माणसे आहेत. देशोदेशींचे कवी, शास्त्रज्ञ, संत यांच्या गोष्टी आहेत. नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाविषयी सांगणे आहे. आणि या साऱ्या सौंदर्याबरोबर कष्टकऱ्यांच्या दैन्याची, उपाशी मुलांची आठवणही आहे. जग किती सुंदर आहे हे मुलीने पाहावे आणि त्या सौंदर्यात ज्यांना वाटा मिळत नाही त्यांना तिने विसरू नये, अशी दुहेरी दृष्टी गुरुजी तिला देत होते.

मोठी माणसे मुलांना पत्र लिहितात तेव्हा बहुधा अभ्यास कर, नीट वाग, वडिलांचे ऐक, एवढेच लिहितात. गुरुजींनी तसे केले नाही. त्यांनी मुलीला आपल्या आनंदात सामील करून घेतले. लहान म्हणून तिच्याशी बोबडे बोलले नाहीत, की मोठे म्हणून वरून उपदेश केला नाही. या काळातच जवाहरलाल नेहरूंनी तुरुंगातून कन्या इंदिरा हिला पूर्वी लिहिलेली पत्रे देशभर वाचली जात होती. त्यांत जगाचा इतिहास होता. गुरुजींच्या पत्रांत जगाविषयीचे प्रेम होते. दोहोंची जात वेगळी, पण दूर असलेल्या मुलीला पत्रातून वाढवावे ही तळमळ एकच.

दिव्याखालील अंधार

या पत्रांचा विचार करताना एक गोष्ट मनाला अतिशय चटका लावते. बालिकेला फुलापाखरांचे वैभव दाखविणारा हा माणूस त्याच दिवसांत आतून खचत चालला होता. स्वातंत्र्य मिळाले, पण ज्या समतेचे आणि बंधुभावाचे स्वप्न पाहिले ते दृष्टीस पडत नव्हते. फाळणीतील रक्तपात, गांधीजींची हत्या, त्यानंतर समाजात पेटलेला द्वेष यांचे घाव त्यांच्या हळव्या मनावर बसले होते. ११ जून १९५० रोजी मुंबई येथे त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. तेव्हा त्यांचे वय अवघे पन्नास वर्षांचे होते.

या शेवटाविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. त्यावर निवाडा देण्याचा अधिकार कोणालाही नाही. जीवनाचे मोल जाणणाऱ्या वाचकाला ही घटना अस्वस्थ करील, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्याकडे पाहताना एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. ज्याने शेकडो मुलांची ख्यालीखुशाली विचारली, ज्याच्या पत्राने कितीतरी निराश मने सावरली, त्याच्या मनाची विचारपूस किती जणांनी केली असेल? जो सर्वांना आधार देतो त्यालाही आधार हवा असतो, ही साधी गोष्ट जवळच्या माणसांच्याही ध्यानात येत नाही. देणाऱ्याच्या खात्यावर सदैव नावेच पडत राहिली आणि जमेची बाजू कोरीच राहिली, तर मोठ्यात मोठे भांडवलही एक दिवस संपते. मायेलाही हा नियम चुकत नाही.

गुरुजींना आईच्या आजाराचे पत्र वेळेवर आले नाही. आणि गुरुजींच्या अंतरीचे दुखणे जगाला वेळेवर कळले नाही. त्यांच्या जीवनाच्या आरंभी आणि अखेरी अशा दोन न पोहोचलेल्या वार्ता उभ्या आहेत. त्यांच्या दरम्यान हजारो पानांची अखंड पत्रगंगा वाहते आहे.

पत्राचा वारसा

आज कोकणात आगबोटीची टपालाची थैली उतरत नाही. तारेची सेवा २०१३ साली बंद झाली. मुंबई-पुण्यास, परदेशात शिकणाऱ्या मुलाशी क्षणात बोलता येते, त्याचा चेहराही पाहता येतो. ही सोय मोठी आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. आजारपणाची वार्ता आज श्यामपर्यंत वेळेवर पोहोचली असती. परंतु वार्ता पोहोचणे निराळे आणि मन पोहोचणे निराळे. दिवसाकाठी दहा निरोप येतात-जातात, आणि त्या दहा निरोपांत एकही वाक्य असे नसते की जे वीस वर्षांनी पेटी उघडून पुन्हा वाचावेसे वाटेल.

संवत्सरीनंतर आप्तेष्टांना क्षमापनेचे पत्र धाडण्याची आपल्या समाजाची रीत जुनी आहे. पूर्वी ती पत्रे हाताने लिहिली जात. ज्याच्याशी अबोला आहे त्याचे नाव लिहिताना हात थोडा थांबे आणि त्या थांबण्यातच अर्धी क्षमा घडून जाई. गुरुजींची पत्रे वाचताना त्या थांबलेल्या हाताची आठवण होते. लिहिताना माणूस समोरच्याचा विचार करतो, त्याच्यासाठी आपला वेळ बाजूला काढतो. आणि बहुधा या कारणानेच लिहिलेला शब्द बोललेल्या शब्दापेक्षा अधिक काळ टिकतो.

साने गुरुजींचे स्मरण करण्यासाठी फार मोठे काही करावयास नको. 'सुंदर पत्रे' हे पुस्तक घरात आणावे आणि रात्री मुलांना त्यांतील एखादे वाचून दाखवावे. बाहेरगावी शिकणाऱ्या मुलाला वा सासरी गेलेल्या मुलीला महिन्यातून एकदा चार ओळी स्वतःच्या हाताने लिहाव्यात. त्यांत अंगणातल्या आंब्याला मोहोर आला आहे, समुद्र खवळला आहे, आजी तुझी आठवण काढते, एवढे असले तरी पुरे. आणि घरात जे माणूस सर्वांची चौकशी करते, सर्वांचे ओझे निमूटपणे वाहते, त्याला एकदा तरी जवळ बसवून विचारावे, की तुमचे कसे चालले आहे. पालगडच्या या सुपुत्राला तीच खरी आदरांजली ठरेल.